मोटारप्रेमींना पडद्यावर नेमके हवे तरी काय?

वळसंग (ता. दक्षिण सोलापूर) : दूरचित्रवाणीच्या पडद्यावरची मोटार बहुधा रिकाम्या रस्त्यावरून धावते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आत एकटा चालक आणि पार्श्वभूमीला संगीत. प्रत्यक्षातली मोटार मात्र सोलापूर-अक्कलकोट मार्गावर वळसंगजवळ दिसते तशी असते. आत पाच माणसे, मांडीवर एक मूल, डिकीत बॅगा आणि प्रसादाच्या पिशव्या. उन्हाळ्यात बाहेर चाळिशी ओलांडलेला पारा, तर गळीत हंगामात पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मोटारींवरील कार्यक्रमाकडून या विषयाच्या चाहत्यांची अपेक्षा काय, या प्रश्नाचे उत्तर या दोन चित्रांमधल्या अंतरात दडले आहे.

वळसंग हे सोलापूर ते अक्कलकोट या प्रवासात साधारण निम्म्या वाटेवर लागणारे गाव. स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांची येथे गुरुवारी आणि सुटीच्या दिवशी रीघ असते. पूर्वीचा अरुंद रस्ता आता चौपदरी झाला आहे. त्यामुळे वेग वाढला. पण ट्रॅक्टर, बैलगाडी, दुचाकी आणि रस्ता ओलांडणारी माणसे होती तिथेच आहेत. एखाद्या गाडीची खरी परीक्षा घ्यायची तर यापेक्षा योग्य जागा शोधूनही सापडणार नाही. तरीही अशा रस्त्यावर, अशा भारासह घेतलेली परीक्षा पडद्यावर क्वचितच पाहायला मिळते.

निवडीला वाव नव्हता तेव्हा

मोटारींच्या परीक्षणाची गरज आपल्याकडे उशिरा निर्माण झाली. याचे कारण इतिहासात आहे. भारतीय मोटार उद्योगाचे एक आद्य प्रवर्तक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचाच. त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून पुढे फियाट आणि नंतर 'पद्मिनी' बाहेर पडली. अनेक दशके सर्वसामान्य ग्राहकापुढे मोजून दोन-तीन पर्याय होते : अॅम्बेसेडर, फियाट आणि काही काळ स्टँडर्ड. नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. जिथे निवडच नाही, तिथे परीक्षण करून सांगणार तरी काय? त्या काळात मोटारीविषयीचे सारे ज्ञान गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे असे आणि त्याचा शब्द अखेरचा मानला जाई.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि या चित्राला पहिला तडा गेला. १९९३ मध्ये मोटारनिर्मिती परवानामुक्त झाली. त्यानंतर देवू, फोर्ड, ह्युंदाई अशा कंपन्या आल्या आणि १९९८ मध्ये टाटांची इंडिका अवतरली. एकाच किमतीत तीन-चार गाड्या समोर उभ्या राहिल्या, तेव्हा मिस्त्रीच्या जोडीला दुसऱ्या सल्लागाराची गरज भासू लागली. 'ओव्हरड्राइव्ह' हे मासिक १९९८ मध्ये आणि 'ऑटोकार इंडिया' १९९९ मध्ये सुरू झाले, ते याच पार्श्वभूमीवर. पाठोपाठ वृत्तवाहिन्यांवर मोटारींचे साप्ताहिक कार्यक्रम आले. एनडीटीव्हीवर सिद्धार्थ विनायक पाटणकर यांच्यासारखे सादरकर्ते घरोघरी ओळखीचे झाले.

या कार्यक्रमांना प्रेक्षक लाभले ते दोन प्रकारचे. पहिला प्रेक्षक येत्या दिवाळीत गाडी घेणारा. त्याला हिशेब हवा असतो. दुसरा प्रेक्षक फेरारी कधीच घेणार नाही हे पक्के ठाऊक असलेला. पण तिच्या इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकणारा. त्याला स्वप्न हवे असते. गंमत म्हणजे अनेकदा हे दोन्ही प्रेक्षक एकाच माणसात वास करतात. चांगला कार्यक्रम तोच, जो या दोघांपैकी कोणालाही फसवत नाही.

'टॉप गिअर'चे यश कशात होते?

स्वप्न आणि हिशेब यांची सांगड कशी घालावी, याचा सर्वांत मोठा धडा ब्रिटनमधून मिळतो. बीबीसीचा 'टॉप गिअर' १९७७ मध्ये बर्मिंगहॅम येथून प्रादेशिक कार्यक्रम म्हणून सुरू झाला. तेव्हा त्याचे स्वरूप ग्राहक मार्गदर्शनाचे होते. २००२ मध्ये जेरेमी क्लार्कसन आणि निर्माते अँडी विल्मन यांनी त्याला नवा अवतार दिला. रिचर्ड हॅमंड सोबत होतेच. पुढच्या वर्षी जेम्स मे आले आणि हे त्रिकूट जगभर गाजले. तिघांची आपसातली थट्टा, अचाट पैजा आणि दूरदेशीचे प्रवास यामुळे ज्यांना क्लच आणि ब्रेक यातला फरकही ठाऊक नव्हता, तेही हा कार्यक्रम आवडीने पाहू लागले.

मात्र नीट पाहिले तर या गमतीच्या तळाशी मोजमापाची शिस्त होती. प्रत्येक वेगवान गाडी डन्सफोल्डच्या एकाच धावपट्टीवर, चेहरा झाकलेल्या 'स्टिग' या एकाच नावाच्या चालकाकडून पळवली जाई आणि तिची वेळ फलकावर लागे. पाहुण्या नटांना आणि खेळाडूंना मात्र साधी सुझुकी लियाना चालवावी लागे. पट्टी एकच असल्यामुळे तुलना करण्याचा आनंद प्रेक्षकाला स्वतः घेता येई.

२००३ मधला टोयोटा हायलक्सचा भागही असाच. जुनी, भरपूर वापरलेली ती गाडी समुद्राच्या भरतीत सोडली, तिच्यावर वस्तू आदळल्या, तिला आग लावली आणि शेवटी पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या छतावर ठेवली. ढिगाऱ्यातून बाहेर काढल्यावर साध्या हत्यारांनी दुरुस्त करताच ती सुरू झाली. हा तमाशा होता यात शंका नाही. पण टिकाऊपणा म्हणजे काय, हे हजार शब्दांच्या लेखापेक्षा त्या काही मिनिटांनी अधिक पटवून दिले. मोटारप्रेमींना तमाशाचे वावडे नाही. तमाशातून गाडीविषयी काही कळावे, एवढीच त्यांची अट असते.

हे त्रिकूट भारतातही आले होते. डिसेंबर २०११ मध्ये प्रसारित झालेल्या विशेष भागात त्यांनी मुंबईत मोटारीने जेवणाचे डबे पोहोचवण्याचा प्रयोग करून पाहिला आणि लोकलने जाणाऱ्या डबेवाल्यांपुढे ते हरले. मावळ-जुन्नरकडच्या माणसांनी उभारलेल्या व्यवस्थेची ती दादच होती. परंतु त्याच भागातील स्वच्छतागृहविषयक विनोदांवर भारतीय उच्चायुक्तालयाने आक्षेप नोंदवला. पाहुण्याला इथला रस्ता दिसला, पण त्यावर राहणारी माणसे केवळ विनोदापुरती उरली, अशी अनेक भारतीय प्रेक्षकांची भावना झाली.

गोष्ट कुठे संपते, मोजमाप कुठे सुरू होते?

मनोरंजन आणि परीक्षण यांची सरमिसळ झाली की काय होते, याचे गाजलेले उदाहरण टेस्लाचे आहे. २००८ च्या अखेरीस 'टॉप गिअर'ने टेस्ला रोडस्टर या विजेवरील गाडीची परीक्षा घेतली. आमच्या धावपट्टीवर तिची बॅटरी ५५ मैलांतच संपेल, असे निवेदन झाले आणि गाडी ढकलत आत नेतानाची दृश्ये दाखवण्यात आली. कंपनीचा दावा सुमारे २०० मैलांचा होता. गाडी प्रत्यक्षात बंद पडलीच नव्हती, असे म्हणत टेस्लाने २०११ मध्ये खटला भरला. न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१३ मध्ये अपिलातही कंपनी हरली. धावपट्टीवर बेफाम पळवलेली गाडी आणि रोजच्या रस्त्यावरची गाडी यातला फरक सामान्य प्रेक्षकाला कळतो, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. प्रेक्षकाच्या दृष्टीने नाही. पडद्यावर दिसणारे दृश्य हा घडलेला प्रसंग आहे की उभा केलेला, हे जाणून घेण्याचा त्याला हक्क आहे. गोष्ट रंगवून सांगा, पण आकडा सांगताना आवाज बदला, अशी ही अपेक्षा आहे.

थराराच्या मागणीला अंत नसतो, हेही याच कार्यक्रमाने दाखवले. २००६ मध्ये जेट इंजिनाची गाडी चालवताना हॅमंड गंभीर जखमी झाले. २०१५ मध्ये क्लार्कसन यांना बीबीसीने दूर केल्यानंतर हे त्रिकूट 'द ग्रँड टूर'कडे वळले आणि २०२४ मध्ये तिघांनी तोही प्रवास थांबवला. इकडे 'टॉप गिअर'मध्ये सादरकर्ता झालेला क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ डिसेंबर २०२२ मध्ये चित्रीकरणादरम्यान अपघातात जबर जखमी झाला. पुढील वर्षी बीबीसीने कार्यक्रम अनिश्चित काळासाठी थांबवला.

'अॅव्हरेज' किती देते?

आता पुन्हा आपल्या रस्त्यावर येऊ. मराठी घरात गाडीविषयीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : अॅव्हरेज किती देते? जाहिरातीतला आकडा मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून येतो. पुण्यातील एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था यातली सर्वांत परिचित. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर गाडी उभी करून, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करत सुमारे २० मिनिटांत ती पूर्ण होते. वेगाची कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटर असते आणि वातानुकूलन यंत्र बंद ठेवण्याची पद्धत राहिली आहे. सर्व गाड्यांना एकच नियम लागू असल्याने तुलनेसाठी हा आकडा उपयोगी आहे. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात, पाच माणसांसह, एसी पूर्ण क्षमतेने चालवणाऱ्या कुटुंबाला तो मिळणार नाही. यात लबाडी नाही; परंतु हे समजावून सांगणारा कोणी असावा लागतो.

इथेनॉलच्या बाबतीत ही गरज अधिकच तीव्र झाली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांनी, तर या इंधनासाठी जुळवलेल्या गाड्यांची एक ते दोन टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. लिटरमागे १५ किलोमीटर धावणाऱ्या जुन्या गाडीला सहा टक्के घट धरली, तर हजार किलोमीटरमागे सुमारे चार लिटर पेट्रोल जादा लागते. सोलापूर हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा. येथे इथेनॉलमुळे उसाला भाव मिळावा असे वाटणारा शेतकरी आणि पंपावर वाढलेला खर्च मोजणारा गाडीमालक एकाच घरात राहतात. त्याला घोषणा नकोत आणि अफवाही नकोत. तीच गाडी, तोच चालक, तोच रस्ता आणि दोन वेगळी इंधने, अशी प्रामाणिक चाचणी त्याला पाहायची आहे.

तारे आणि पट्टे

दुसरा प्रश्न जिवाचा. जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅगविना आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्या चित्रफितींनी जे केले, ते अनेक वर्षांच्या उपदेशाने झाले नव्हते. फोक्सवॅगनने लगेच पोलोच्या सर्व आवृत्त्यांत दोन एअरबॅग देण्यास सुरुवात केली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली आणि ऑक्टोबर २०२३ पासून देशाची स्वतःची 'भारत एनकॅप' चाचणी अस्तित्वात आली. आज शोरूममध्ये ग्राहक ताऱ्यांची चौकशी करतो, हे श्रेय मोठ्या प्रमाणात त्या दृश्यांचे आहे.

परंतु तारे म्हणजे कवच नव्हे, हेही सांगायला हवे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ज्या मर्सिडीज जीएलसी गाडीत ते होते, त्या मॉडेलला युरोपीय चाचणीत पाच तारे मिळालेले होते. मागच्या आसनावरील दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले आणि त्या दोघांचाही मृत्यू झाला. त्याच वर्षी देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. मागे बसणाऱ्याचा पट्टा, मुलांचे आसन, टायरमधील हवा या गोष्टी पडद्यावर कंटाळवाण्या वाटतात, असा निर्मात्यांचा समज आहे. तो खरा नाही. दाखवण्याची कला मात्र हवी.

उदाहरणच द्यायचे तर वळसंगजवळची रात्र घेऊ. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. पुढे काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एवढा वेळ जातोच. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला सुमारे ३६ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५८ मीटर. वेग १०० केला तर हे अंतर ८० मीटरच्या पुढे जाते. दिवे डिपरवर असताना मात्र पुढचे स्पष्ट दिसते ते ढोबळमानाने ५०-६० मीटरपर्यंत. समोर मागचा दिवा नसलेली, परावर्तक पट्टी न लावलेली उसाची ट्रॉली उभी असेल, तर चालक कितीही निष्णात असला तरी हे गणित बदलत नाही. हे अंतर रस्त्यावर चुन्याने आखून दाखवणारा दहा मिनिटांचा एक भाग कुठल्याही शर्यतीइतका थरारक होईल आणि कदाचित एखादा जीवही वाचवेल.

परीक्षक कोणाचा?

हे सारे होत का नाही? उत्तर पैशाच्या वाटेत आहे. नव्या गाडीच्या अनावरणासाठी कंपनी पत्रकारांना एखाद्या निसर्गरम्य ठिकाणी नेते, मुक्कामाची व्यवस्था करते, कसून तयार केलेली गाडी काही तासांसाठी हाती देते आणि परीक्षण कोणत्या दिवशी, किती वाजता प्रसिद्ध करायचे, हेही ठरवून देते. पुढे त्याच कंपनीच्या जाहिरातींवर कार्यक्रमाचे अर्थकारण उभे राहते. वृत्तपत्रेही या व्यवहारापासून अलिप्त नाहीत. याचा अर्थ प्रत्येक परीक्षण विकले गेलेले असते, असा नाही. पण टीकेची धार कुठे बोथट होते, हे नियमित प्रेक्षकाला बरोबर कळते. 'गाडी उत्तम, फक्त मागची जागा थोडी कमी' या वाक्यातला 'थोडी' हा शब्द त्याला ऐकू येतो.

म्हणूनच मोटारप्रेमींची सर्वांत मोठी मागणी वेगाची नाही, विश्वासाची आहे. गाडी कोणी दिली, प्रवासखर्च कोणी केला, हे सुरुवातीलाच सांगावे. अवगुण सांगताना किंमत आणि नाव घ्यावे. गाडी केवळ नवी असताना नव्हे, तर वर्षभराने पुन्हा दाखवावी : किती धावली, काय बिघडले, सुटा भाग किती दिवसांनी मिळाला, सर्व्हिसचे बिल किती झाले. गाडी विकत घेणाऱ्याचा तिच्याशी संबंध पहिल्या दिवशी संपत नाही, सुरू होतो. परीक्षकाचा मात्र बहुधा त्याच दिवशी संपतो.

आपल्या भाषेत, आपल्या रस्त्यावर

मोटारींवरचे नावाजलेले कार्यक्रम इंग्रजी आणि हिंदीत झाले. वास्तविक मोटारीच्या भोवतालची मराठी समृद्ध आहे. गाडी 'ओढत नाही', क्लच 'घसरतो', स्टिअरिंग 'एका बाजूला ओढते', इंजिन 'गरम होते', सस्पेन्शन 'खाली लागते', असे गॅरेजमधला मिस्त्री सांगतो, तेव्हा ते लगेच समजते. 'डायनॅमिक्स' आणि 'रिफाइनमेंट' हे शब्द ऐकून जे कळत नाही, ते या शब्दांत कळते. मराठीतला कार्यक्रम म्हणजे इंग्रजी कार्यक्रमाचे भाषांतर नव्हे. त्याने प्रश्नही इथलेच विचारायला हवेत.

डिकीत सीएनजीची टाकी बसवल्यावर बॅगा कुठे ठेवायच्या? टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवून या प्रश्नाचे एक उत्तर दिले. ते कितपत सोयीचे, हे बॅगा भरूनच दाखवता येईल. गुडघे दुखणाऱ्या आजीला आत-बाहेर करताना किती वाकावे लागते? पाच माणसे बसल्यावर गावाबाहेरच्या गतिरोधकावर गाडीचा तळ घासतो का? मे महिन्यात दुपारी उन्हात उभी केलेली गाडी किती मिनिटांत थंड होते? विजेवरची गाडी पुण्याहून अक्कलकोटला येऊन परत जाताना कुठे आणि किती वेळ थांबते? या प्रश्नांना धावपट्टी लागत नाही. सोलापूर ते अक्कलकोट आणि परत, एवढा रस्ता पुरेसा आहे. प्रत्येक गाडी याच रस्त्यावर, एवढ्याच भारासह, त्याच चालकाच्या हाती द्यावी. डन्सफोल्डच्या फलकाप्रमाणे आपल्याकडेही एक फलक तयार होईल.

अर्थात स्वप्नाचा वाटा कापून चालणार नाही. अधूनमधून फेरारीचा आवाज ऐकवावाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सीच्या रूपातली 'पद्मिनी' निवृत्त झाली, तिच्यासारख्या जुन्या गाड्यांच्या आठवणीही काढाव्यात. सोलापूरच्या भूमिपुत्राने उभ्या केलेल्या कारखान्यातली ती गाडी होती, हे आजच्या किती तरुणांना ठाऊक असेल? मोटारीवरचे प्रेम अशाच गोष्टींवर पोसले जाते. मात्र हे प्रेम करणारा माणूस उद्या आयुष्यातली मोठी रक्कम मोजून, घरच्यांना मागे बसवून वळसंगच्या रस्त्याने जाणार आहे. त्याच्याशी खरे बोलणारा कार्यक्रम त्याला हवा आहे.